गंगारामभाऊंची लढाई

गंगारामभाऊ रोज सकाळी चहा झाला की लढाई मांडायचे, आणि लढाईवर कोणालाच जाऊ द्यायचे नाहीत.

बेलवलीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात भाऊ आणि आमचे मालक एकाच खात्यात होते. मालक गेले, मी एकटी, पोरं लहान, मग मी उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायला घेतले. सकाळी दारात गठ्ठा टाकायचा आणि बोटं दुखेस्तोवर कातरी चालवायची. समोर ओट्यावर भाऊ पत्ते मांडून बसलेले. म्हणून मला सगळं दिसायचं.

हे पत्ते म्हणजे आपले बदाम-चौकट नव्हेत. भाऊ उल्हासनगरच्या कॅम्पात मिक्सर आणायला गेले होते. दुकानदार सिंधी, त्याच्याकडे फॉरेनचा जुना माल पण यायचा. त्याने मिक्सरवर पत्त्यांची एक पेटी टिकवली. बोलला, "ले जाओ साईं, फ्री में है." घरी येऊन उघडली तर आत गोऱ्या माणसांची चित्रं. पाववाला, मास्तरीण, रेल्वेचा गार्ड, काठीवाली म्हातारी, नर्स.

भाऊंची एकुलती एक मुलगी सुषमा. ती पण नर्सच, तिला इंग्लिश येतं. पेटीतला कागद वाचून तिने सांगितलं, मोठ्या महायुद्धात जर्मनांनी कुठला तरी देश बळकावला, तेव्हा तिथली साधी माणसं लपूनछपून लढली, त्यांचा हा खेळ आहे. एकट्याने खेळायचा. आपली माणसं घरात ठेवायची. एकेकाला पुलाच्या पानावर धाडायचं आणि पालथ्या गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं. मोकळा रस्ता निघाला तर माणूस पलीकडे पोचला. पोलीस निघाला तर माणूस पकडला, तो पेटीत. बरीचशी पलीकडे पोचली की आपण जिंकलो.

भाऊंनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "पेटीत म्हणजे? सोडणार कधी त्याला?"

सुषमा बोलली, सोडत नाहीत पप्पा, तो गेला.

"मग आज कोणी जायचं नाही," भाऊ बोलले. "हवा बरी नाही."

ती हवा वर्षभर बरी झाली नाही. भाऊ रोज माणसं मांडायचे, पूल मांडायचे, आणि दुपारी सगळ्यांना मोजून परत गुंडाळून ठेवायचे. मे महिन्यात घाम गळायचा पण दारातून पंख्याचा वारा येतो म्हणून पंखा बंद. एखादा उडून पुलावर पडला तर कोण जबाबदार? पाववाला सारखा मास्तरणीशेजारी यायला लागला, तर भाऊंनी मधे गार्डाला बसवलं. दूधवाला मुद्दाम विचारायचा, काय भाऊ, जर्मन हरला का. भाऊ बोलायचे, आपले जेवून झोपलेत, तू ओरडू नको.

काठीवाली म्हातारी त्यांना माझ्यासारखी वाटायची. बोलायचे, वहिनी, हिला कशी धाडू, हिचे गुडघे बघा. मी बोलले, तिचे कागदाचे आहेत, माझे बघा.

सुषमाला पण तेच. माथेरानची सहल निघाली, माथेरानची हवा बरी नाही. नाशिकचं स्थळ आलं, नाशिकची हवा बरी नाही. आम्ही हसायचो, पण कोणी जास्त बोलायचं नाही. कारण माहीत होतं. सुषमा रांगत होती तेव्हा तिची आई, भाजी घेऊन आत्ता येते, असं सांगून स्टेशनकडे गेली होती. टेम्पोने उडवली. त्यानंतर भाऊंनी एकट्याने पोर वाढवली, वेण्यासुद्धा स्वतः घालायचे, एक वर आणि एक खाली.

मग सुषमाला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिकडून विचारणा आली, येते की नाही लवकर कळव. ती हुशार, कामाला वाघ, पण बापाचा हो नाही तर जाणार नाही बोलली. बापाने हो-नाही काहीच केलं नाही. पासपोर्ट तेवढा घरातून गायब झाला.

ती माझ्याकडे आली. रडली नाही, पण ओठ दाबून बोलली, "काकी, मला जायचंय. तुम्ही सांगा ना पप्पांना."

मी गेले. कातरी हातातच होती. सरळ त्यांच्यासमोर बसले, पाववाला उचलला, पुलावर ठेवला आणि पान उलटलं. मोकळा रस्ता. गार्ड ठेवला. पोलीस. गार्डाला पेटीत टाकला. भाऊंनी लगेच बाहेर काढला, सदऱ्याला पुसला.

"वहिनी, तुम्ही फार कठोर आहात."

मी बोलले, "मी माझे दोन्ही पोरगे कामाला सुरतेला पाठवले. एक परत आला. धाकटा तिकडेच काविळीने गेला."

"हे माहीत असून मला सांगता, पाठव म्हणून?"

"हो."

"घरी ठेवला असता तर?"

"घरात काय होतं भाऊ, माझे धागे. आणि त्याला जायचं होतं. शीळ वाजवत गेला."

भाऊंनी गार्डाला परत मास्तरणीशेजारी बसवलं. मग उठून आत गेले. पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आले तर हातात पासपोर्ट, त्याला तांदूळ आणि बोरिक पावडर लागलेली. सुषमाच्या हातात दिला आणि बोलले, "बघून घे. किडे लागले नाहीत."

ती सकाळच्या विमानाने गेली. विमानतळावरून भाऊ परत आले, चहा घेतला नाही, ओट्यावर पत्ते मांडले. नर्स उचलली आणि पुलावर ठेवली. आख्ख्या वर्षात स्वतःहून पहिल्यांदा. मग पालथ्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि तसेच बसले.

मी बोलले, उलटा की.

बोलले, "तिचा फोन येऊ दे."

मी भाकरी आणून दिली. ती तशीच सुकली. चहा दिला तो डाव्या हाताने प्यायले, उजवा गठ्ठ्यावर. दूधवाला आला, काहीतरी बोलणार होता, मी नुसती मान हलवली, तो गप निघून गेला.

चारच्या सुमाराला सुषमाने घेऊन दिलेला मोबाइल वाजला. भाऊ बोलले, वहिनी, ते हिरवं बटण दाबा, माझा हात अडकलाय. मी दाबून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून सुषमाचा आवाज मला पण ऐकू येत होता. पोचली होती, खोली मिळाली होती, सोबत केरळची एक मुलगी होती. भाऊ सगळ्याला हं, हं करत राहिले. शेवटी विचारलं, जेवलीस का. ती हो बोलली, फोन बंद झाला.

मग भाऊंनी वरचं पान उलटलं. पोलीस.

भाऊ त्या पोलिसाकडे बघून हसले.

"उशीर केलात साहेब. ती पोचली."

नर्सला हळूच पुलापलीकडे सरकवलं, आणि पोलिसाला पेटीत टाकून झाकण लावलं. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता बोलले, "वहिनी, तुमचा गठ्ठा इकडेच आणा ना. दिवे लागेपर्यंत इथे बसून कापा."

मी गठ्ठा ओढत आणला. त्यांनी आपली चटई अर्धी रिकामी केली.