बाण आत, दाढ बाहेर

डॉक्टरवहिनींनी भावजींच्या डाव्या हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंड मिटू नये म्हणून रबराचा ठोकळा बसवला, लाळ ओढणारी नळी अडकवली आणि मग अख्ख्या जबड्याचा एक्स-रे बघायला कॉम्प्युटरकडे वळल्या. पाहतात तो काय, माउसचा बाण पडद्यावरच्या एका चौकटीतून बाहेरच येईना!

एक्स-रे आधी बघायचा असतो, हे वहिनींना कळत नव्हतं असं नाही. पण हे धाकटे दीर म्हणजे दवाखान्यातलं जुनं दुखणं. मागच्या खेपेला वहिनी एक्स-रे न्याहाळत बसल्या, तेवढ्यात स्वारी गळ्यातल्या कागदी रुमालासकट पसार झाली होती. म्हणून आज आधी भूल, मग एक्स-रे. दाढ वाचवायची की उपटायची, हे त्यावरच ठरायचं होतं.

आणि बाण अडकला होता तो खुद्द भावजींच्याच कृपेने. पेशंटच्या नोंदींचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या भावजींनी व्हर्च्युअल मशीन नावाची करामत केली. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका खिडकीत अख्खा जुना कॉम्प्युटर आणून बसवला. नोंदी खिडकीच्या आत, एक्स-रे खिडकीच्या बाहेर. बाण एकदा आत शिरला, की कीबोर्डवरचं उजवीकडचं कंट्रोलचं बटण दाबल्याशिवाय बाहेर पडत नाही. हे फक्त भावजींना ठाऊक होतं. वहिनींना सांगायचं राहूनच गेलं होतं.

"मावशी, हा बाण बघा ना, काचेवर माशी आपटावी तसा कडेला आपटतोय नुसता."

"माउस उलटा करून झटका बघू," मदतनीस मावशी म्हणाल्या. झटकला. काही उपयोग नाही.

"आँ! आँ!" खुर्चीतून भावजी ओरडले.

"दुखत नाहीये तुम्हाला, भावजी. उगाच नाटकं नकोत."

भावजींनी हवेत बोटाने लिहिल्यासारखं करून कागद मागितला.

"मृत्युपत्र नंतर लिहा. दाढेने कोणी मरत नाही."

मग भावजी उठायलाच लागले. दोन पावलांवर तर होता कीबोर्ड! पण पळणाऱ्या पेशंटला धरण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी खांदे दाबून त्यांना परत आडवं केलं.

आता एकच उपाय उरला. भावजींनी उजवा हात वर केला आणि जिवाच्या आकांताने उजवीकडे, उजवीकडे असं दाखवायला सुरुवात केली.

"उजवीकडे पण दुखतंय?" वहिनींचा चेहरा गंभीर झाला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

भावजींनी मान जोरजोरात हलवली. पण तोंडात ठोकळा आणि नळी असताना हलवलेल्या मानेतून हो की नाही, ते कुणाला कळणार? वहिनींनी उजवीकडेही इंजेक्शन दिलं. आता भावजींना ओठ होते की नव्हते, हेही समजेना.

वहिनींनी कीबोर्डचं चाकांचं टेबल खुर्चीच्या पायथ्याशी ओढलं आणि दिसेल ते बटण दाबून पाहिलं. डावीकडचं कंट्रोलसुद्धा दाबलं, उजवीकडचं तेवढं राहिलं! भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जाऊ दे," अखेर वहिनी म्हणाल्या. "भूल उतरायच्या आत उरकायला हवं. तशीही ती दाढ किडलेलीच आहे. मावशी, चिमटा."

चिमटा म्हटल्याबरोबर भावजींच्या अंगात बळ संचारलं. त्यांनी उजवा पाय लांब केला. पायाचा अंगठा आधी कीबोर्डच्या मोठ्या पट्टीवर, स्पेसबारवर पडला.

"लाथा मारतायत हो!" मावशींनी डावा पाय धरला.

चुकीचा पाय धरला, बिचाऱ्यांनी! भावजींनी दात-ओठ खाल्ले असते, पण तीही सोय नव्हती. त्यांनी श्वास रोखला, अंगठा उजवीकडे सरकवला आणि दाबला.

"अगं बाई! बाण सुटला!"

एक्स-रे उघडला. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

"डावी दाढ काढायची काही गरज नाही. मुळं ठणठणीत आहेत, नुसती भरायची."

भावजींनी डोळे मिटले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. अख्खं अंग कसं हलकं झालं.

"पण उजवीकडची मात्र आतून पोखरलीय की! तीही आत्ताच भरून टाकते. बरं झालं, तुम्ही दाखवलंत."

काम होईपर्यंत भावजी हूं की चूं न करता पडून राहिले. बधिर तोंडाने आणखी काय करणार? मावशींनी तरी त्यांचा डावा पाय सोडला नाही.

संध्याकाळी वहिनी सगळ्यांदेखत नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, ऐकलंत का? तुमच्या भावाचं कौतुक करा. मला दिसलं नव्हतं, तर त्यांनी स्वतःहून हात वर करून उजवी दाढ दाखवली. दुसरं इंजेक्शन मागून घेतलं म्हणा ना!"

"आमच्या धाकट्याने?" थोरले थक्क झाले. सगळे भावजींकडे आदराने पाहू लागले.

बधिरपणा केव्हाच उतरला होता. चांगलं स्पष्ट बोलता येत होतं. पण भावजींनी नम्रपणे नुसती मान डोलावली.