सबनीसकाकांचा बिनशेवटाचा सिनेमा

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या मराठी विद्यार्थ्यांनी सबनीसकाकांच्या घरी एक जुना विलायती सिनेमा पाहिला आहे. त्याचा शेवट मात्र एकानेही पाहिलेला नाही.

सिनेमा नाचगाण्याचा, विनोदी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. एका लॉर्डचा मुलगा प्रेमापायी खोटी मिशी लावून समुद्रकाठच्या हॉटेलात वेटर होतो. नायिकेच्या आत्याबाईंना संशय येतो. त्या मिशीला हात घालतात आणि नेमकं तिथेच काका सिनेमा थांबवतात. "चला, भजी करतो!" मग भजी, मग चहा, मग "उशीर झाला रे, उरलेला पुढच्या शनिवारी." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. "मधूनच सुरू केलं तर मजा जाते, लेका."

काका निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या घरी बूट दाराशीच काढावे लागतात. शनिवारी ते स्वतः मात्र पॉलिश केलेले काळे बूट घालून लाकडी जमिनीवर नायकाबरोबर टकटक नाचतात. "काय ऐट आहे बघ!" हे नायकाला की स्वतःला, ते आम्ही विचारत नाही. आत्याबाई दिसल्या की काका म्हणतात, "ही आमची नागपूरची वहिनी. फक्त हॅट घातलीय."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इथे आल्यावर थंडीचा पहिला कोट काकांनीच दिला, त्यामुळे त्यांचा शब्द मला मोडवत नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावात एकदा तिकीट काढलं की पडद्यावर 'समाप्त' आल्याशिवाय कोणी उठत नसे. परवा काका भजी तळायला आत गेले आणि न राहवून मी रिमोट दाबला.

आत्याबाईंनी मिशी ओढली, तोच काका झारा घेऊन धावत आले आणि हात पसरून टीव्हीसमोर उभे राहिले.

"थांब! बंद कर ते!"

"काका, थोडाच तर उरलाय. बघू द्या ना."

"आमच्या सुहासने बघितला शेवट," काका म्हणाले. सुहास त्यांचा मुलगा, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असतो. "आता ये म्हटलं की म्हणतो, 'डॅड, आय हॅव सीन इट.'" मग उगाच हसले. "तूही बघितलास, तर पुढच्या शनिवारी कशाला येशील?"

झाऱ्यातून तेल जमिनीवर ठिबकत होतं. हात अजून पसरलेलेच.

मी सिनेमा बंद केला. "काका, खरं सांगू? तो वेटर कशाला होतो, तेच मला नीट कळलं नाही. आज पुन्हा पहिल्यापासून लावा ना."

"आजच? पहिल्यापासून?"

"हो."

"मग बटाट्याचीही काढतो," म्हणत काका आत गेले.