अकरा गाड्यांचं चौथं चाक

"तुमच्या गाड्यांना स्वतंत्र खोली आणि माझ्या बाबांना सोफा! कुणाला सांगितलं तर हसतील हो लोक!" बायको म्हणाली आणि तिने कपाटाची काच उगाचच एकदा बोटाने ठोकली.

सर्व्हेअरसाहेबांनी रुमालाने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. ठोकलेल्या मोटारींची विमा कंपनीतर्फे पाहणी करण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. "हा पोचा जुना आहे, याची भरपाई मिळणार नाही," हे वाक्य ते रोज पाच-सहा जणांच्या तोंडावर फेकायचे. घरी मात्र पोचा कुणीही पाडलेला असो, भरपाई त्यांनीच करायची असा नियम होता.

आणि तक्रार खोटी नव्हती. छोट्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात महायुद्धानंतर निघालेल्या चिमुकल्या, चमत्कारिक मोटारींची जुनी खेळणी होती. एकीचं दार फ्रिजसारखं पुढून उघडायचं. एकीत ड्रायव्हर आणि मागचा माणूस रुसलेल्या नवराबायकोसारखे पाठीला पाठ लावून बसायचे. त्यांतल्या अकरा गाड्या तर तीन चाकांच्या, दोन पुढे आणि एक मागे मधोमध. त्या अकरा म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. सासरे आयुष्यभर कवळ्या बनवून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी ते कायमचे राहायला आले होते आणि पाय दुमडून हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होते. बरं, त्यांनी कुरकुर तरी करावी! "मला सोफाच बरा जावईबापू, टीव्ही जवळ पडतो," असं म्हणायचे. त्यामुळे साहेबांची जास्तच पंचाईत होत होती.

शेवटी तह झाला. खेळणी-संग्राहक मंडळाचे अध्यक्ष रविवारी गाड्या बघायला येणार होते. त्यांनी वार्षिक प्रदर्शनासाठी त्या निवडल्या तर खोली गाड्यांची. नाही निवडल्या तर गाड्या खोक्यांत, खोकी पलंगाखाली आणि खोली बाबांची.

"निवडणारच," साहेब म्हणाले. "दर आठवड्याला एकेक गाडी स्वतः ब्रशने पुसतो मी. माझ्या नजरेतून केसाएवढा ओरखडा सुटत नाही, माहितीये ना?"

"परवा माझा नवा चष्मा तुम्हाला चार दिवसांनी दिसला," बायको म्हणाली.

अध्यक्ष हे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी चहा नको म्हटलं, गप्पा नको म्हटलं, खिशातून भिंग काढलं आणि थेट कपाटापाशी गेले. साहेबांनी सगळ्यात लाडकी गाडी, अंड्यासारखी गोल आणि पिवळीधमक, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

अध्यक्षांनी ती उलटी केली. बराच वेळ भिंगातून पाहिली.

"हिला चार चाकं कशी?"

"छे हो, तीन," साहेब हसून म्हणाले.

"मोजा."

साहेबांनी मोजली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली, तरी चारच. मागे मधोमध असायचं ते चाक एका कोपऱ्यात गेलं होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याचं सख्खं भावंड बसलं होतं. साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. पण एकवीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेला माणूस. वेळेला एखादी स्वतःची सुचतेच.

"ही... ही दुर्मीळ आवृत्ती आहे, सर. शेवटच्या वर्षी थोड्याच काढल्या होत्या. चार चाकांच्या."

"असं?" अध्यक्षांचे डोळे चमकले. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "मला हे ठाऊक नव्हतं. आपल्या मंडळाच्या पत्रिकेत लेखच लिहा तुम्ही!"

साहेबांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात अध्यक्षांनी दुसरी गाडी उचलली. "हिलाही चार."

"हो. तीसुद्धा शेवटच्या वर्षातली."

"आणि ही?"

"तीही... शेवटच्याच."

चौथ्या गाडीला साहेबांना घाम फुटला. सातव्या गाडीपासून ते नुसती मान डोलवू लागले. अकरावी खाली ठेवून अध्यक्ष म्हणाले, "अकराच्या अकरा दुर्मीळ? आणि मघाशी तुम्हाला त्या तीनचाकी वाटत होत्या?" मग त्यांनी पिवळ्या गाडीच्या एका मागच्या चाकावर हलकेच नख ओढलं. काळा रंग निघाला. आतून चाक गुलाबी होतं, अगदी कोवळं गुलाबी.

अध्यक्ष त्या रंगाकडे पाहतच राहिले. "हा रंग मी ओळखतो," ते सावकाश म्हणाले. "रोज सकाळी पेल्यात बघतो."

"बरी बसल्येत ना चाकं?" दारातून आवाज आला. सासरे हात पुसत उभे होते आणि चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "कवळीच्या हिरडीचाच मसाला आहे, पण पक्का. प्रत्येक गाडीच्या चाकाचा साचा काढून मग केलं. तुम्ही दोघं कामावर गेलात की बसायचो. महिना लागला बघा."

"बाबा," साहेबांचा आवाज चिरकला, "पण का?"

"अहो, का काय? कुणीतरी अकरा लंगड्या गाड्या गळ्यात मारल्या तुमच्या! तुम्ही भिडस्त, बोलणार नाही. दर रविवारी एवढ्या मायेने पुसता, मला बघवेना. एक चाक पडलेलं, दुसरं घसरून मधे आलेलं! म्हटलं, आपण इथे फुकट बसून खातो, तेवढं तरी करावं."

 मग अध्यक्षांनीच घसा खाकरून सांगितलं की त्या गाड्या मुळातच तीन चाकांच्या, लढाईनंतर पत्रा महाग, पेट्रोल महाग, म्हणून लोकांनी एका चाकाची काटकसर केली होती. आणि मूळ वस्तूत असा फेरफार झाला की ती प्रदर्शनात घेता येत नाही.

सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मी वाट लावली," ते पुटपुटले. "काढून देतो. आत्ता काढतो. डाग राहील थोडा, पण..." आणि त्यांनी पिवळ्या गाडीकडे हात नेला.

साहेबांना एकदम स्वतःची लाज वाटली. महिनाभर हा माणूस त्यांच्यासाठी खपत होता आणि ते, ओरखडा न सोडणारे, त्याचीच चाकं ब्रशने पुसत होते. चाकं दिसली नाहीत ते एक वेळ ठीक. सोफ्यावर दुमडलेले पाय तर रोज दिसत होते.

"हात लावू नका त्यांना," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "राहू द्या चाकं. पहिल्यांदाच माझ्या गाड्या नीट उभ्या राहिल्यात. आणि सर, तो लेख रद्द. मी साफ खोटं बोललो. बाबा, तुमची उशी-चादर आण म्हणून सांगतो हिला. खोली आजपासून तुमची."

बायकोने पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पदराने डोळे टिपले.

अध्यक्षांनी वही मिटली. जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "तुम्ही... दुरुस्त्यापण करता का हो?" त्यांनी सासऱ्यांना हळूच विचारलं. "माझी खालची जरा सैल झालीये. बोलताना टकटक वाजते."

सासऱ्यांनी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं. खोली त्यांची झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तिथे पेशंट बसला होता.

प्रदर्शनात गाड्या गेल्या नाहीत. पण अध्यक्ष दर आठवड्याला येऊ लागले, आणि मग मंडळातली इतर मंडळीही. बहुतेकांचं वय कवळीचंच. कपाट खोलीत तसंच राहिलं, कारण पेशंटना बघायला काहीतरी लागतं असं सासऱ्यांचं मत पडलं. दार मात्र बंद असतं.

परवाच्या सुट्टीच्या दिवशी साहेब ब्रश घेऊन दाराशी गेले आणि त्यांनी टकटक केली.

"कोण?"

"मी आहे, बाबा. जरा गाड्या बघायच्या होत्या."

"चार ते पाच!" आतून आवाज आला.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. सव्वातीन झाले होते. त्यांनी स्वयंपाकघरातली एक खुर्ची ओढत आणली आणि दाराबाहेर बसून राहिले.