उजवीकडे जाणारा ड्रायव्हर

सोलापुरात गुप्तहेर एकच, आणि तो मी, सोमलिंग करजगी. नवी पेठेत कापडाच्या दुकानावर माझी कचेरी आहे. नजर अशी तीक्ष्ण की, माणूस जिना चढत असतानाच तो कुठून आला ते मी सांगतो. रस्त्यावरून. माझा मदतनीस चांदसाब म्हणतो, यात विशेष काही नाही. पण विशेष ओळखायलाही नजर लागते.

१९७४ च्या थंडीत एका गिरणीचे मॅनेजर कुंडलिकराव मोहोळकर धापा टाकत वर आले.

“करजगी, माझा ड्रायव्हर बिघडलाय हो! सारखा उजवीकडे जातो. रविवारी मुंबईचे मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर असं झालं तर जनरल मॅनेजरची जागा गेली!”

“डोकं कसं आहे त्याचं?”

“लाकडी.”

मी तडक गिरणीत जाऊन जीपचा ड्रायव्हर भीमा याला कोपऱ्यात घेतलं. “उजवीकडं कोण राहतं?”

“सासू ऱ्हाती की. पर तिकडं मी कशाला जातुय?”

कबुली तोंडावर आली होती. तेवढ्यात चांदसाब कानाशी लागला, “साब, ड्रायव्हर म्हणजे काठी हाय. गोल्फची.”

ते मला ठाऊक होतं. मी फक्त भीमाला निर्दोष ठरवत होतो.

गिरणीमागच्या माळावर गोऱ्या साहेबांनी गोल्फसाठी खणलेली भोकं अजून शाबूत होती. कुंडलिकरावांनी पवित्रा घेतला. डावा हात वर, उजवा खाली, काठी खांद्यामागे, मग कंबर वळवून टोला! चेंडू सरळ निघाला आणि मध्येच उजवीकडे वळून बाभळीत घुसला.

“इतकी वर्षं सरळ जायचा,” ते म्हणाले. आवाज ओला झाला होता.

मी एक चेंडू कापून पाहिला. आत गुंडाळलेला रबराचा धागाच धागा!

“धागा! म्हणजे सूतखात्याचा हात!”

सूतखात्याचे प्रमुख मल्लप्पा जनरल मॅनेजरच्या त्याच जागेवर डोळा ठेवून होते. ते शांतपणे म्हणाले, “अवं, आमी कापूस काततो. रबर न्हाई.”

मग मला माळाच्या उताराचा संशय आला. सोड्याच्या बाटलीतली गोटी ठेवून पाहिली, तर ती डावीकडे घरंगळली. चेंडू जमिनीचंही ऐकत नव्हता. शेवटी मीच काठी घेतली. विटीदांडूत माझं नाव होतं. काठी फिरली, मी फिरलो, टोपी बाभळीत गेली. चेंडू जागच्या जागी.

“चेंडू निर्दोष आहे,” मी जाहीर केलं.

कुंडलिकरावांच्या पत्नी मथुराबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा एकच टोला पाहिला.

“अहो, उजव्या हाताचं बोट असं वर का उचलताय? ती नवी अंगठी रुततेय का?”

बढतीसाठी ज्योतिषाने पुष्कराज घालायला सांगितला होता. तो काठीवर रुतायचा, बोट सुटायचं, पकड ढिली पडायची आणि काठीचं तोंड उजवीकडे वळायचं.

“मी नाही का कणीक मळताना अंगठी काढून ठेवत?” बाई म्हणाल्या.

अंगठी निघाली आणि चेंडू सुतासारखा सरळ टेकडीपार गेला. कुंडलिकरावांनी सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला. आम्ही सोलापूरकर, आम्ही आभाळाकडे पाहिलं.

“मीही त्याच निष्कर्षाकडे येत होतो,” मी म्हणालो.

“कुठल्या वाटेनं, साब?” चांदसाबने विचारलं.

रविवारी मोठ्या साहेबांनी पहिला टोला मारला. चेंडू थेट बाभळीत. मल्लप्पांची काठी चेंडूला लागलीच नाही, नुसती माती उडाली. साहेब मनापासून हसले आणि त्यांनी मल्लप्पांची पाठ थोपटली. मग कुंडलिकराव पुढे झाले. चेंडू असा सरळ आणि इतका लांब गेला की कामगारांनी शिट्ट्या मारल्या. साहेब हसायचे थांबले.

चहाच्या वेळी जागा मल्लप्पांना जाहीर झाली.

मथुराबाई नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “पण आज इतकं सरळ मारायला सांगितलं कुणी तुम्हाला?”

कुंडलिकरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तपासाचं सगळं श्रेय मला मिळालं होतं.