एकोणीस प्रश्नांचं हॉटेल

कंपनीची दोन मोठ्या शहरांत दोन ऑफिसं होती आणि दोन्हींचं एकमेकांशी फारसं बरं नव्हतं. म्हणून वार्षिक बैठक मधल्याच कुठल्यातरी उपनगरात व्हायची; कोणी कोणाच्या दारात गेलं असं व्हायला नको. सभागृह असलेलं, चाळीस माणसं सामावून घेणारं असं हॉटेल शोधण्याचं काम बावीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. ऑफिसात त्यांना सगळे चौकशीकाका म्हणत.

काका हॉटेल फोनवरूनच निवडत. त्यासाठी त्यांनी एका वहीत एकोणीस प्रश्न लिहून ठेवले होते. सभागृहातल्या खुर्च्यांना हात आहेत का, प्रोजेक्टर रुसला तर त्याची समजूत काढणारा माणूस हॉटेलातच असतो की बाहेरून बोलवावा लागतो, उशी मऊ की कडक. चौदावा खरं तर प्रश्न नव्हता, तंबी होती. आमच्या यादीत नाव नसेल त्याला खोली द्यायची नाही, मग तो कितीही ओळख सांगो. एका साहेबांचा मेहुणा कंपनीच्या खोलीत तीन दिवस आराम करून गेला, तेव्हापासून काका ती हॉटेलला लेखी देत. आणि एकोणिसावा प्रश्न असा, "पुढच्या वेळी यायचं झालं तर किती दिवस आधी कळवावं लागेल?"

इतक्या हॉटेलांच्या उशा पाठ असलेला हा माणूस त्यांतल्या एकाही उशीवर कधी झोपला नव्हता. बैठकीला साहेब लोक जात. काका मागे राहून फोन सांभाळत.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे काकांच्या दिवसभराच्या गप्पा बहुतेक रिसेप्शनवरच्या अनोळखी मुलींशीच होत. मुलगी दुसऱ्या शहराजवळच्या एका उपनगरात राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का? काका तिन्हींना हो म्हणत, आणि त्यांतलं एखादं तरी हो खोटं असे. तिने चौथा प्रश्न विचारावा, 'राहायला येता का' म्हणावं, असं त्यांना फार वाटे. ती विचारत नसे आणि आपण होऊन म्हणायला काकांची जीभ रेटत नसे.

या वर्षी काकांनी मुलीच्या घरापासून दहा मिनिटांवरचं हॉटेल निवडलं.

निवडलं म्हणजे रेटून बसवलं. एकोणीसपैकी अकरा प्रश्नांत ते सपशेल नापास झालं होतं. खुर्च्यांना हात नव्हते. काकांनी लिहिलं, 'उठायला सोप्या.' खोल्यांच्या खिडक्यांतून कारखान्याची भिंत दिसे. काकांनी लिहिलं, 'कोणाचंही लक्ष बाहेर जाणार नाही.' मोठ्या साहेबांनी कागद वाचला आणि हे हॉटेल दुसऱ्या शहराकडे जरा जास्तच सरकलंय, असं म्हणाले. काकांनी सांगितलं की रस्ता वळणाचा आहे, नकाशावर तसं दिसतं. बावीस वर्षांतली ही पहिली लबाडी, आणि ती खपली. त्याच दमात त्यांनी, या वेळी व्यवस्था बघायला मीही येतो, अशी परवानगीही काढून घेतली.

रविवारी त्यांनी मुलीला ही बातमी शक्य तितक्या सहज आवाजात दिली. कंपनीची खोली आहे, तुम्हाला काही त्रास नाही, वेळ मिळाला तर तासभर डोकावून जाईन, असं म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली. सुटली बिचारी, असं काकांना वाटलं आणि त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी काका नावांच्या बिल्ल्यांचं खोकं आणि स्वतःची बॅग घेऊन हॉटेलात पोचले. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली.

"तुमचं नाव यात नाही."

असणार कसं? काकांनी दरवर्षीप्रमाणे जुनी यादी काढून, सोडून गेलेल्यांची नावं खोडून नव्यांची घातली होती. स्वतःचं नाव त्यात कधी नव्हतंच, त्यामुळे ते राहिलंय हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले, यादी मीच केलीय.

"सगळे असंच म्हणतील, असं तुम्ही लिहून दिलंय," मुलगी म्हणाली आणि तिने चौदावी तंबी त्यांना वाचून दाखवली. खाली सही त्यांचीच होती. शिवाय उरलेल्या खोल्या दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेने घेतल्या होत्या.

काकांनी मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मग असं करा, बिल्ले ठेवा आणि सहाच्या बसने परत या, नाहीतरी इथे फोन घ्यायला कोणी नाही.

काका लॉबीतल्या सोफ्यावर बसले. बाजूला दातांचे डॉक्टर एकमेकांना बघून भरभरून हसत होते. खोली मिळाली नाही असं आपल्या मुलीला कळवायचं, म्हणजे तिच्या गळ्यात पडायचं. ते काही व्हायचं नाही. ऑफिसने तातडीने बोलावलं असं सांगू, असं ठरवून त्यांनी फोन लावला. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "पोचलात? खोली कशी आहे?"

"छान आहे," काका म्हणाले.

"कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"उशी?"

"मऊ."

"बाबा, मी काल हॉटेलला फोन केला होता. तुमच्या नावाची खोलीच नाही तिथे."

काकांनी विचारलं, फोन कशाला केला होतास?

"खोली रद्द करायला. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर येऊन माझे बाबा हॉटेलात झोपणार? मी कोणाला तोंड दाखवू?" तिचा आवाज जरा फुटला. "दरवेळी म्हणता, जेवलो, झोपलो, सगळं छान आहे. मग मी 'राहायला या' असं कुठल्या तोंडाने म्हणू? मला वाटायचं, तुम्हाला आमची गरजच नाही. अर्धा तास झाला, बाहेर गाडीत बसलेय. आपणहून सांगता का, बघत होते."

काका बॅग उचलून बाहेर आले. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग चष्मा पुसत पुसत, बावीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी यायचं झालं तर किती दिवस आधी कळवावं लागेल?"

"आमच्याकडे यादी नसते, बाबा," ती म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

काका तिच्याकडे तीन दिवस राहिले. मोठ्या साहेबांना त्यांनी बस चुकल्याचं कळवलं, आणि ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी काकांनी पुन्हा तेच हॉटेल सुचवलं. खुर्च्यांना अजूनही हात नव्हते, भिंत जागच्या जागी होती, आणि कागदावर हॉटेलला एकोणीसपैकी एकोणीस गुण होते. सोबत चाळीस नावांची यादी होती. काकांचं नाव तीत याही वेळी नव्हतं, पण या वेळी ते विसरले नव्हते.