आबांचा फोन

संध्याला बघायला सिन्नरहून पाहुणे आले होते. मुलगा सुनील, त्याचे वडील हिरामणराव आणि विधवा आत्या नवसाबाई. सुनील खाली मान घालून बसला होता, कारण त्यांच्या घरात आत्याने "हो" म्हटल्याशिवाय चहासुद्धा गाळला जात नसे. संध्याला मुलगा मनापासून आवडला होता. म्हणून तिचा भाऊ किशोर सकाळपासून देव पाण्यात घालून बसला होता.

पोहे अर्ध्यावर आले आणि टीपॉयवरचा किशोरचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'आबा'. खाली त्याच्या वडिलांचा, आबांचा फोटो. समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारात होता, तोच.

किशोर सवयीने ताडकन उठला. "आबांचा फोन आहे. दोन मिनिटं."

हिरामणरावांनी भिंतीकडे पाहिलं, मग फोनकडे. "आबा वारले ना तुमचे?"

"हो, मागच्या दिवाळीत."

"मंग?"

"लाईट आली, ते सांगायला करतात."

"तिकडंबी जाते का लाईट?"

खरी गोष्ट साधी होती. मखमलाबादच्या त्यांच्या शेवंतीच्या मळ्यात विहिरीवर मोटर होती आणि मोटरीला नवा मोबाईल स्टार्टर. लाईट आली, गेली की तो आपणहून घरी फोन करतो. त्यात घालायला सिम हवं होतं आणि आबांचं कपाटात पडून होतं. किशोरने एकदा नाव बदलून 'मोटर' केलंही होतं. मग फोन कोणी उचलेना आणि शेवंतीत गुडघाभर चिखल झाला. 'आबा' दिसलं की मात्र माणूस भरल्या ताटावरून उठायचा. आबा होते तेव्हाही दिवसातून दहा वेळा फोन करून विचारायचे, "मोटर बंद केली का?" आता तर त्यांना बॅटरी संपायचीही काळजी उरली नव्हती.

हे सांगायला किशोरने तोंड उघडलं, तोवर फोन थांबला. मग आत स्वयंपाकघरात त्याच्या आईचा, वत्सलाबाईंचा फोन वाजला. तो थांबला आणि दाराजवळच्या फळीवर संध्याचा वाजू लागला. एकाने उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, अशी त्या यंत्राची शिस्त होती. पाहुण्यांना मात्र आबा एकेका खोलीतून फिरत आपल्याकडेच येताहेत असं वाटलं.

किशोर फळीकडे धावला आणि गडबडीत भलतंच बटण दाबलं. स्पीकर सुरू झाला.

"पाणी नाही," बाईचा एक थंड, सपाट आवाज म्हणाला. "पाणी नाही. पाणी नाही."

नवसाबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला. "पाणी मागतेत रं ते! वहिनी, पिंडाला कावळा शिवला होता का?"

"पहिल्या मिनिटाला!" वत्सलाबाई दुखावून म्हणाल्या.

"आन ही बाई कोण हाय त्यांच्यासंगं?"

वत्सलाबाईंनीही संशयाने फोनकडे पाहिलं.

किशोरने घाम पुसत सगळं समजावलं. विहिरीतलं पाणी उपसून संपलं की यंत्र तसं बोलतं. सुनील पहिल्यांदाच बोलला, "आत्या, असतं तसं. आमच्या कंपनीतबी हाय." नवसाबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांची नजर फोनवरून हलली नाही. निघताना त्या इतकंच म्हणाल्या, "कळवतो."

दोन दिवस काहीच निरोप आला नाही. संध्या कोणाशी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी किशोरने मळ्यात जाऊन आबांचं सिम काढलं, नवं घातलं आणि पुन्हा 'मोटर' नाव दिलं. वत्सलाबाईंनी जुनं सिम आपल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. तो आता रिकामाच असायचा. त्या दिवशी 'मोटर'चा फोन चारदा वाजला आणि कोणीही जागचं उठलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नवसाबाईंचा फोन आला.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "तारीख धरू."

"आत्या, ते सिम मी काढून टाकलंय बरं का."

"का रं काढलंस?"

"तुम्ही घाबरलात म्हणून."

"घाबरले होते. मंग घरी येऊन लय रडले." त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या मालकांचं शीम दीड वर्ष डब्यात हाय. दर महिन्याला रिचार्ज मारते मी, कुणाला सांगू नको. तसलं मशीन आमच्या विहिरीवर घेतलं, तर ते बसंल का त्यात?"

"बसेल की."

"आवाज त्यांचा नाय यायचा."

"नाही आत्या. त्या बाईचाच येतो."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "नाव तर त्यांचं दिसंल."

किशोरने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. दारात वत्सलाबाई करंडा उघडून उभ्या होत्या.

"लाईट यायच्या आत बसवून ये," त्या म्हणाल्या. "आणि आधी विहिरीत पाणी आहे का बघ. त्यांना उगाच मागायला लावू नकोस."