खिडकीतलं रानफूल

दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधांचा असा काही वास भरलेला असे, की निम्मे पेशंट दारातूनच पायाला पाय लावून पळत. शेवटी डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ताईने, एक कुंडी आणून दिली. पुदिन्याच्या कुळातलं, कोरड्या माळावर उगवणारं जांभळं रानफूल. नुसता हात लागला तरी खोलीभर घमघमाट.

"पाणी अगदी बेताचं घाल हं. लाड सोसत नाहीत त्याला. ऊन मात्र भरपूर लागतं," ताईने बजावलं.

डॉक्टरांनी कुंडी खुर्चीशेजारच्या खिडकीत ठेवली आणि ऊन यावं म्हणून खिडकीची जाळीच काढून टाकली. आठवडाभर पेशंट पानं चुरगळून हुंगत आणि मुकाट बसत. तो लौकिक ऐकून कवायतीचे मास्तर आले. याआधी दोनदा ते खुर्चीतून पळाले होते. आता गाल टम्म सुजला होता, आणि पळायची सोय नको म्हणून बायकोने दारातच ठाण मांडलं होतं.

इंजेक्शनने जबडा बधिर झाला. डॉक्टरांनी चिमट्यात दाढ धरली, तेवढ्यात खिडकीतून मधमाशी आली. पाठोपाठ तिचं सगळं खटलं.

"अजिबात हलू नका, मास्तर," डॉक्टर कुजबुजले.

एक मधमाशी फुलावरून उठून थेट डॉक्टरांच्या नाकावर बसली.

"आई गं!" डॉक्टरांनी मागच्या मागे उडी मारली आणि औषधांच्या खोलीत शिरून कडी लावली.

मास्तर उठले. एरवी दोनशे पोरांना धाकात ठेवणारा माणूस! त्यांनी कुंडी उचलली, "चया, बाहेय चया!" असं बोबडं गरजत ती कुंपणापाशी नेऊन ठेवली. माश्या शिस्तीत मागोमाग गेल्या.

"डॉक्टय, या बाहेय. गेल्या शगल्या."

डॉक्टर घाम पुसत आले. "शाबास मास्तर! बसा, आता दाढ काढून टाकू."

"आता काय काढता?" बायको म्हणाली. "ती बघा, तुमच्या चिमट्यातच आहे की!"

मास्तरांनी चिमट्याकडे पाहिलं, डोळे पांढरे केले आणि धाडकन खुर्चीत आडवे झाले.

डॉक्टर पाणी आणायला धावणार, तोच बायकोने त्यांचा हात धरला.

"थांबा हो! शेजारची पण किडलीय. उठायच्या आत तीही उरकून घ्या."